रस्त्यावरचा नाका आणि मोटारवाल्याचे हक्क

मिशिगन हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक घटकराज्य. मोटारींचें माहेरघर म्हणून जगाला ठाऊक असलेलें डेट्रॉइट शहर याच राज्यांत आहे. या राज्यांतील सॅगिनॉ नांवाच्या परगण्यांत सन १९८६ च्या मे महिन्यांत एके रात्रीं पोलिसांनीं रस्त्यावर नाका बसविला. हा नाका जकातीचा नव्हता. येणारी प्रत्येक मोटार थांबवावयाची, हांकणाऱ्याच्या तोंडाला दारूचा दर्प येतो कीं काय, डोळे तांबारले आहेत कीं काय, बोलतांना जीभ अडखळते कीं काय, एवढें पाहावयाचें, आणि संशयास जागा नसेल तर गाडी पुढें सोडावयाची, असा त्याचा क्रम होता. नाका सव्वा तास चालला. तेवढ्या अवधींत १२६ गाड्या त्यांतून गेल्या. दर गाडीचा खोळंबा सरासरीनें सुमारें २५ सेकंदांचा झाला. दोघांना अधिक परीक्षेकरितां बाजूस घेण्यांत आलें व त्यांपैकीं एकास अटक झाली. तिसरा एक इसम न थांबतां तसाच पुढें गेला. त्यालाहि पाठलाग करून पकडण्यांत आलें.

एवढीच ती हकीकत. परंतु या सव्वा तासाच्या कामगिरीचा अखेरचा निवाडा होण्यास पुढें सात वर्षें लागलीं. नाका बसण्याच्या आदल्याच दिवशीं मिशिगनमधील कांहीं परवानाधारक मोटारवाल्यांनीं वेन परगण्याच्या न्यायालयांत दावा लावला होता. हे दावेदार दारूच्या गुन्ह्यांतील आरोपी नव्हते. त्यांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, ज्याच्यावर कसलाहि संशय नाहीं, ज्यानें रहदारीचा एकहि नियम मोडलेला नाहीं, अशा माणसाला सार्वजनिक रस्त्यावर अडवून त्याचें तोंड न्याहाळण्याचा अधिकार पोलिसांस कोणीं दिला?

प्रश्न दिसावयास किरकोळ दिसतो. पंचवीस सेकंदांत विडासुद्धां लावून होत नाहीं. आणि दुसऱ्या पारड्यांत तर माणसांचे प्राण आहेत. ज्या घरांतील मुलगा वा मुलगी एखाद्या मद्यप्याच्या गाडीखालीं सांपडली, त्या घराला हा दावा म्हणजे रिकामटेकड्यांची वकिली वाटली तर नवल नाहीं. पण ज्यांनीं तो दावा लावला त्यांना पंचवीस सेकंदांची काळजी नव्हती. निरपराध माणसाला अडविण्यास कारण लागत नाहीं, असें एकदां ठरलें, म्हणजे उद्यां तोच न्याय कोठें जाऊन थांबेल, याची त्यांना काळजी होती.

अमेरिकन लोकांना या बाबतींत एक जुनी आठवण आहे. इंग्रजी अमलांत बोस्टन बंदरांतील जकात अधिकाऱ्यांना चोरट्या मालाच्या शोधाकरितां सरसकट झडतीचे परवाने मिळत. कोणाचें घर, कोणतें दुकान, कोणता माल, यांचा नामनिर्देश त्यांत नसे. ज्याच्या हातीं परवाना, त्यानें वाटेल तें दार ठोठावावें. सन १७६१ मध्यें जेम्स ओटिस या वकिलानें बोस्टनच्या न्यायालयांत या परवान्यांविरुद्ध भाषण केलें. खटला तो हरला. परंतु तें भाषण ऐकावयास बसलेल्या तरुण जॉन ॲडम्सनें उतारवयांत लिहून ठेवलें कीं, स्वातंत्र्याचें बाळ त्या दिवशीं त्या दालनांत जन्मास आलें. पुढें सन १७९१ मध्यें अमेरिकेच्या घटनेस जी चौथी दुरुस्ती जोडण्यांत आली, तिचें मूळ या आठवणींत आहे. नागरिकांचें शरीर, घर, कागदपत्र व चीजवस्तु यांची अवाजवी झडती व धरपकड होऊं नये, आणि वॉरंट काढावयाचें तर सबळ कारण दाखवून, जागेचें व माणसाचें नेमकें वर्णन करूनच काढावें, असा तिचा आशय आहे.

घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें घर होतें. मोटार अर्थात् नव्हती. घर जागचें हलत नाहीं. वॉरंट येईपर्यंत पोलिसाला दाराशीं उभें राहतां येतें. मोटार मात्र तेवढ्या वेळांत दुसऱ्या राज्याची हद्द गांठते. तेव्हां घराचा कायदा मोटारीला कसा लावावा? योगायोग असा कीं, या प्रश्नाची पहिली मोठी कसोटीहि मिशिगनच्याच रस्त्यावर लागली, आणि तीहि दारूवरूनच. सन १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेंत देशव्यापी दारूबंदी होती. १५ डिसेंबर १९२१ रोजीं डेट्रॉइट व ग्रँड रॅपिड्स या शहरांमधील हमरस्त्यावर दारूबंदी खात्याच्या माणसांनीं एक मोटार अडविली. तिच्या बैठकीची गादी फाडून पाहतां आंत व्हिस्की व जिन यांच्या ६८ बाटल्या निघाल्या. मोटारींतील दोघेजण दारूचा चोरटा व्यापार करतात, हें त्या माणसांना पूर्वींपासून माहीत होतें. कॅरोल खटला या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९२५ सालीं दिला. तेव्हांचे सरन्यायाधीश टॅफ्ट हे पूर्वीं देशाचे अध्यक्ष होते. त्यांनीं ठरविलें कीं, सबळ कारण असेल तर मोटारीची झडती वॉरंटावांचूनहि घेतां येईल. हा निकाल पोलिसांच्या बाजूचा म्हणून ओळखला जातो. पण त्याच निकालपत्रांत टॅफ्ट यांनीं असेंहि बजावलें आहे कीं, दारू सांपडेल अशा नुसत्या आशेनें रस्त्यावरची हरएक मोटार अडविण्याची मुभा अंमलदारांस दिली तर तें असह्य व अवाजवी होईल. टॅफ्ट यांचे हे शब्द पुढें साठ-पासष्ट वर्षांनीं फार महत्त्वाचे ठरले.

दारूबंदी उठली, तरी दारू पिऊन मोटार हांकणारा माणूस राहिलाच. त्याला ओळखावयाचें कसें? पूर्वीं पोलिसाचें नाक व डोळे एवढींच साधनें होतीं. इंडियाना विद्यापीठांतील रोला हार्गर या रसायनशास्त्रज्ञानें १९३१ च्या सुमारास एक यंत्र सिद्ध केलें. माणसानें एका फुग्यांत श्वास सोडावयाचा, तो श्वास पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणांतून न्यावयाचा, आणि रंग किती फिका पडतो त्यावरून रक्तांतील मद्याचा अंदाज बांधावयाचा, अशी त्याची रीत होती. पुढें १९५४ सालीं रॉबर्ट बोर्कनस्टाईन यानें त्याहून सुटसुटीत व अचूक यंत्र काढलें. हा गृहस्थ इंडियानाच्या पोलीस खात्यांतलाच. त्यानें १९६० नंतरच्या वर्षांत ग्रँड रॅपिड्स शहरीं हजारों मोटारवाल्यांची श्वासपरीक्षा घेऊन रक्तांतील मद्याचें प्रमाण व अपघाताचा संभव यांचा संबंध आंकड्यांनीं मांडला. पुन: मिशिगनच!

यंत्र आलें तसा कायदाहि बदलला. न्यूयॉर्क राज्यानें १९५३ सालीं एक नवी कल्पना काढली: ज्यानें मोटार रस्त्यावर आणली त्यानें मद्यपरीक्षेस आगाऊ संमति दिली आहे असें गृहीत धरावयाचें, आणि आयत्या वेळीं तो नाकबूल गेला तर त्याचा परवाना काढून घ्यावयाचा. हळूहळू सर्व राज्यांनीं ही युक्ति उचलली. लोकमत तर १९८० नंतर फारच तीव्र झालें. त्या सालीं कॅलिफोर्नियांत, जिची मुलगी मद्यप्याच्या मोटारीखालीं मेली अशा एका मातेनें ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हर्स’ ही संस्था स्थापन केली आणि थोड्याच वर्षांत तिचा आवाज राजधानीपर्यंत पोंचला. सॅगिनॉचा नाका हें या चळवळीच्या काळाचें अपत्य होय.

न्यायालयांची वाट मात्र सरळ नव्हती. सन १९७६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मेक्सिकोच्या सरहद्दीकडून येणाऱ्या हमरस्त्यावरील कायमचा नाका वैध ठरविला. चोरून देशांत येणारे लोक शोधण्याकरितां तो होता. सन १९७९ मध्यें डेलावेअर राज्यांतून एक निराळा खटला आला. त्यांत एका पोलिसानें एक मोटार थांबविली होती. कां थांबविली? तर हाताशीं दुसरें काम नव्हतें आणि ती मोटार दिसली म्हणून! इतकी प्रांजळ साक्ष न्यायालयांत क्वचितच ऐकूं येत असेल. आठ न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, एकट्या पोलिसाच्या लहरीनें अशी मोटार अडविणें घटनाविरुद्ध आहे. मात्र सर्वच गाड्या सारख्या नियमानें थांबविणारा नाका असेल तर गोष्ट वेगळी. नववे न्यायमूर्ति रेनक्विस्ट एकटे विरुद्ध गेले. त्यांनीं या मुद्द्याची चांगलीच थट्टा केली. एकट्याला अडविलें तर माणूस भितो आणि कळपांत अडविलें तर भीत नाहीं, मोटारवाले म्हणजे काय मेंढरें आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोंख होता. दैवाची लीला अशी कीं, अकरा वर्षांनीं कळपाला अडविण्याचें समर्थन करणारें निकालपत्र याच गृहस्थांना, सरन्यायाधीश या नात्यानें, लिहावें लागलें.

तें निकालपत्र १४ जून १९९० चें. मिशिगनच्या दोन्ही खालच्या न्यायालयांनीं दावेदारांच्या बाजूनें कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन अशा मतांनीं तो फिरविला. रेनक्विस्ट यांचा तर्क थोडक्यांत असा: मोटार थांबविणें ही चौथ्या दुरुस्तीच्या अर्थानें अटकावणीच होय, यांत वाद नाहीं, वाद ती वाजवी आहे कीं अवाजवी एवढाच. मद्यपी चालकांमुळें देशांत होणारी प्राणहानि भयंकर आहे. त्यांनीं वर्षाला २५,००० हून अधिक मृत्यूंचा आंकडा दिला. उलट पंचवीस सेकंदांचा उपद्रव अल्प आहे. गणवेषांतले पोलीस, ठरलेली जागा, सर्वांना एकच नियम, यामुळें सज्जन माणसाला भय वाटण्याचें कारण नाहीं. आणि कोणता उपाय अधिक गुणकारी, हें ठरविणें लोकांना जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यांचें काम, न्यायाधीशांचें नव्हे. निकालपत्रांत एक मर्यादाहि होती, व ती पुष्कळदां विसरली जाते. निवाडा होता तो फक्त पहिल्या थांबविण्यापुरता व जुजबी प्रश्नांपुरता. बाजूस घेऊन कसून परीक्षा करावयाची तर त्या विशिष्ट माणसाविषयीं संशयास कांहीं आधार लागेल, असा त्यांत स्पष्ट इशारा आहे.

विरुद्ध मत देणारांत न्यायमूर्ति ब्रेनन होते. उपाय चांगल्या हेतूचा आहे एवढ्यानें संशयाची अट सोडून देतां येत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं आंकड्यांनींच उत्तर दिलें. अनुभवाचा दाखला म्हणून त्यांनीं मेरीलँड राज्याचा हिशेब पुढें ठेवला: तेथें कांहीं वर्षांत १२५ नाके बसले, ४१,००० मोटारवाले थांबविले गेले, आणि अटक झाली अवघ्या १४३ जणांस. तेच पोलीस रस्त्यावर गस्त घालते आणि वांकड्यातिकड्या जाणाऱ्या गाड्या हेरते, तर याहून अधिक मद्यपी हातीं लागते, असें त्यांचें म्हणणें. शिवाय सरहद्दीवरचा कायमचा नाका प्रवाशाला आधीं ठाऊक असतो. हा नाका मात्र रात्रीं अवचित उभा राहतो, आणि त्या अवचितपणांतच त्याचें सारें बळ असतें. स्टीव्हन्स यांचा हा दुसरा मुद्दा पहिल्याहून भारी वाटतो. आंकडे कमीअधिक होतात. पण सुक्याबरोबर ओलेंहि जाळावयाचें तर त्याला निदान आग कोठें आहे एवढें तरी आधीं कळावें, ही अपेक्षा गैर नाहीं.

येथून पुढचा एक विरोधाभास नोंदण्यासारखा आहे. इंडियानापोलिस शहरानें १९९८ सालीं अमली पदार्थ शोधण्याकरितां असेच सहा नाके बसविले. ११६१ गाड्या थांबविल्या, १०४ माणसें पकडलीं. म्हणजे शेंकडा सुमारें नऊ. सॅगिनॉपेक्षां हें पीक कितीतरी मोठें. तरीहि सन २००० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हे नाके घटनाबाह्य ठरविले. कारण त्यांचा मुख्य हेतु रस्त्यावरची सुरक्षितता हा नसून सर्वसाधारण गुन्ह्यांचा शोध हा होता. म्हणजे किती सांपडले याला महत्त्व नाहीं. कशाकरितां अडविलें याला आहे.

सॅगिनॉच्या दावेदारांची गोष्ट मात्र १९९० सालीं संपली नाहीं. अमेरिकेंत देशाची घटना एक आणि प्रत्येक राज्याची घटना आणखी निराळी. देशाची घटना देते त्याहून कमी स्वातंत्र्य राज्याला देतां येत नाहीं. अधिक देतां येतें. सर्वोच्च न्यायालयांत हरलेले दावेदार परत मिशिगनमध्यें आले आणि त्यांनीं राज्याच्या घटनेचा आधार घेतला. १४ सप्टेंबर १९९३ रोजीं मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्यांत दारूबंदीच्या दिवसांतील आपल्याच जुन्या निकालांचे दाखले देऊन न्यायालयानें सांगितलें कीं, संशयावांचून मोटार अडवून गुन्हा हुडकण्याची पद्धत या राज्यानें कधींच मान्य केलेली नाहीं. मिशिगनच्या पोलिसांचा सव्वा तासाचा तो नाका त्या योजनेंतील एकुलता एकच राहिला. वॉशिंग्टन, ऑरेगन, ऱ्होड आयलंड व मिनेसोटा या राज्यांच्या न्यायालयांनींहि आपापल्या घटनेच्या आधारें असेच निकाल दिलेले आहेत. बहुसंख्य राज्यांत मात्र नाके चालतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं त्यांस मान्यता देतांना पुष्कळ अटी घातल्या: जागा वरिष्ठांनीं ठरवावी, कोणती गाडी थांबवावयाची त्याचा ठराविक क्रम असावा, दिवे व फलक दुरून दिसावेत, आगाऊ जाहिरात व्हावी, खोळंबा थोडा असावा. ज्या नाक्यावरून तो खटला उद्भवला, तेथें पाटी वाचून कोणी दुसऱ्या रस्त्यानें वळला, तर तेवढ्याच कारणानें त्याला धरूं नये, असाहि नियम होता.

मग नाक्यावर थांबलेल्या माणसाच्या हातीं काय उरतें? थांबणें त्याला भाग आहे. परवाना व गाडीचे कागद दाखविणेंहि भाग आहे. पण कोठून आलां, किती प्यालां, या प्रश्नांना उत्तर देण्याची सक्ति त्याच्यावर नाहीं. स्वत:विरुद्ध साक्ष देण्यास कोणावर बळजबरी करूं नये, असें घटनेची पांचवी दुरुस्ती सांगते. मात्र रस्त्यावरच्या अशा साध्या विचारपुशींत पोलिसानें त्याला या हक्काची आठवण करून दिलीच पाहिजे असें नाहीं. ती जबाबदारी अटक झाल्यावर सुरू होते, हें १९८४ सालीं ठरलें. सॅगिनॉच्या निकालानंतर चारच दिवसांनीं लागलेल्या एका निकालांत याचें मोठें चमत्कारिक उदाहरण आहे. अटक झालेल्या एका मद्यपी चालकाला पोलिसानें विचारलें, ‘तुझा सहावा वाढदिवस कोणत्या तारखेला झाला, आठवतें काय?’ त्याला तें सांगतां येईना. न्यायालय म्हणालें, त्याची जीभ अडखळत होती हा शरीराचा पुरावा झाला, तो चालेल. पण तारीख न सांगतां येणें ही मनाची साक्ष झाली, आणि हक्कांची जाणीव न देतां ती घेतां येणार नाहीं.

शरीर आणि साक्ष यांतील ही भेदरेषा न्यायमूर्ति ब्रेनन यांनींच १९६६ सालीं श्मर्बर खटल्यांत आंखली होती. इस्पितळांत पडलेल्या, नको म्हणणाऱ्या माणसाचें रक्त काढलें तरी ती त्याची साक्ष होत नाहीं, असा पांच विरुद्ध चार मतांचा तो निकाल. पुढें १९८३ सालीं, परीक्षेस दिलेला नकार पुराव्यांत वापरतां येतो असें ठरलें. सन २०१३ मध्यें मात्र न्यायालयानें लगाम ओढला: रक्तांतलें मद्य मिनिटामिनिटाला कमी होत जातें, एवढीच सबब प्रत्येक वेळीं वॉरंट टाळण्यास पुरेशी नाहीं. आणि २०१६ च्या निकालानें दोहोंची वांटणीच करून टाकली. कायदेशीर अटकेनंतर श्वास घ्यावयास वॉरंट नको. रक्ताकरितां मात्र वॉरंट पाहिजे, आणि त्यावांचून रक्त देण्याचें नाकारलें म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवितां येणार नाहीं. फुंकर मारण्यांत शरीराला इजा नाहीं व मागें कांहीं उरत नाहीं; सुई टोंचून काढलेलें रक्त मात्र बाटलींत राहतें आणि त्यांतून मद्याखेरीज इतरहि पुष्कळ गोष्टी कळतात, हें त्याचें कारण.

शरीर व साक्ष यांचा हा भेद मराठी वाचकांस परका नाहीं. अमेरिकेंत श्मर्बर खटला निघाला त्याच्या पांच वर्षें आधीं, सन १९६१ मध्यें, मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या खटल्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनीं त्याच प्रश्नाचा विचार केला. भारतीय घटनेच्या विसाव्या कलमानें आरोपीस स्वत:विरुद्ध साक्षीदार होण्यापासून संरक्षण दिलें आहे. परंतु बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणें म्हणजे साक्षीदार होणें नव्हे, असें बहुमतानें ठरलें. मद्याच्या नाक्याविषयीं भारतांतील १९८८ चा मोटार वाहन कायदा बोलतो. गणवेषांतील पोलिसानें मागितला तर परवाना दाखविलाच पाहिजे. त्याला संशयाची अट नाहीं. श्वासपरीक्षेला मात्र आहे. कलम २०३ प्रमाणें, दर १०० मिलिलीटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य घेऊन गाडी हांकण्याचा गुन्हा घडला असावा असा वाजवी संशय पोलिसाला आला, तरच त्यानें यंत्र पुढें करावयाचें आहे. मुंबई-पुण्याच्या नाकाबंदींत रांगेनें प्रत्येकाच्या तोंडाशीं यंत्र धरलें जातें तेव्हां या दोन शब्दांकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्याच कायद्याच्या कलम २०२ मध्यें आणखी एक अट आहे: या गुन्ह्यासाठीं अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आंत नोंदणीकृत डॉक्टराकडून झाली पाहिजे, तशी ती झाली नाहीं, तर त्यास सोडून द्यावें लागतें.